फरशीच्या फटींतील तण

मृगाच्या सरी कोसळून आठ-दहा दिवस लोटले म्हणजे अंगणातील फरशी, विहिरीचा काठ, ओट्याच्या पायऱ्या यांच्या फटीफटींतून हिरवे कोंभ डोके वर काढू लागतात. आरंभी ते डोळ्यांस सुखद वाटतात. परंतु भाद्रपद उजाडेपर्यंत त्यांचीच झुडपे होतात. त्यांच्या आड विंचूकिड्यांस आसरा मिळतो, ओल टिकून शेवाळ धरते आणि घरातील वृद्ध माणसांचा पाय घसरतो. म्हणून वरवर क्षुल्लक भासणाऱ्या या विषयाचा थोडा शास्त्रीय विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम हे तण दगडात उगवते तरी कसे, हे पाहू. दोन फरश्यांमधील दरज उघडी पडली की तीत धूळ व कुजलेला पालापाचोळा साठतो. वर दगडाचे आच्छादन असल्यामुळे खालची माती लवकर वाळत नाही. वाऱ्याबरोबर किंवा पाखरांच्या विष्ठेतून बी येऊन पडले की त्यास अन्न, ओल व निवारा ही तिन्ही एकाच ठिकाणी लाभतात. दगडी पाला, ज्यास कित्येक ठिकाणी एकदांडी म्हणतात, त्याचे बी केसाळ असल्याने वाऱ्यावर उडत येते. १९५५ च्या सुमारास पुण्याकडे प्रथम लक्षात आलेले गाजरगवतही अशाच फटींतून माजते. त्याच्या स्पर्शाने अनेकांच्या अंगास खाज सुटून पुरळ उठते. यास्तव ते उपटताना हातमोजे घालावेत किंवा हातास जाड फडके गुंडाळावे.

तणांच्या दोन जाती ध्यानात ठेवाव्यात. घोळ, नायटी, गाजरगवत यांसारखी तणे बियांपासून उगवतात. फुलोरा येण्यापूर्वीच ती मुळासकट काढली तर त्यांचा पुढील वंश खुंटतो. मात्र उपटलेली घोळ ओल्या जागी टाकू नये, कारण ती पुन्हा मूळ धरते. हरळी व लव्हाळा यांची गोष्ट निराळी. हरळीच्या प्रत्येक पेरास मूळ फुटते, आणि लव्हाळ्याच्या गाठी जमिनीत एकीस एक जोडलेल्या असतात. वरचे पाते खुडले तरी खालची गाठ जिवंत राहते व पुन्हा कोंभ सोडते. म्हणून यांच्या बाबतीत चिकाटी हेच औषध होय.

आता घरगुती उपायांकडे वळू. सर्वांत निर्धोक उपाय म्हणजे पाऊस पडून गेल्यावर माती भुसभुशीत असताना खुरपे किंवा बोथट सुरी फटीत घालून तण मुळासकट काढणे. दुसरा उपाय उकळत्या पाण्याचा. किटलीच्या तोटीने ते थेट तणाच्या बुडाशी ओतले असता त्यातील पेशी भाजून निघतात. कोवळे तण यानेच मरते. जुन्या तणास आठ-आठ दिवसांनी दोन-तीन वेळा हाच प्रयोग करावा लागतो. हे काम मोठ्या माणसांनी करावे, मुलांनी दूर उभे राहावे.

पुष्कळ लोक मीठ टाकतात. मिठामुळे मुळांस पाणी शोषून घेता येत नाही व तण सुकते, हे खरे. परंतु ते मीठ नाहीसे होत नाही. पावसाबरोबर वाहून ते तुळशीच्या वा केळीच्या आळ्यात उतरते व तेथील जमीन नासवते. शिवाय दगडाच्या सूक्ष्म छिद्रांत त्याचे स्फटिक बनून दगडाचे पापुद्रे निघतात. व्हिनेगरची गोष्टही विचार करण्याजोगी आहे. त्यातील आम्लाने पाने करपतात, पण खोल मूळ बहुधा शाबूत राहते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे आपल्याकडील पुष्कळ अंगणांत जी शहाबादी फरशी असते, ती चुनखडीच्या दगडाची आहे. आम्ल चुनखडीस खाते. म्हणजे तण मारता मारता फरशीचा गुळगुळीतपणा जातो व चुन्याची दरजही झिजून अधिक उघडी पडते. शेवाळासाठी वापरावयाची ब्लीचिंग पावडर व व्हिनेगर यांचा तर कधीही मेळ घालू नये. त्यातून क्लोरीन नावाचा विषारी वायू निघतो. रॉकेल ओतणेही तितकेच अविचाराचे, कारण ते जमिनीत मुरते आणि आगीचे भय मागे ठेवते.

तण मारून फट तशीच उघडी ठेवली तर पुढील पावसाळ्यात तेच पुन्हा पुढे उभे राहते. म्हणून खरा उपाय फट भरण्याचा. दिवाळीनंतर कोरडे दिवस आले की दरजेतील माती व मुळे निदान एक इंच खोल खरवडून काढावीत, जागा धुवून ओली करावी आणि एक भाग सिमेंट व तीन भाग वाळू यांचा माल थापीने दाबून भरावा. पुढे सात दिवस त्यावर पाणी मारावे. फरशी हलत असल्यास ती आधी पक्की बसवून घ्यावी, नाही तर नवी दरज लवकरच तडकते. जुन्या वाड्याच्या किंवा विहिरीच्या चुन्यातील बांधकामास सिमेंटऐवजी चुनाच वापरणे इष्ट, कारण सिमेंटाने भिंतीतील ओल आत कोंडते. आणि या सर्वांवर कळस म्हणजे केरसुणी! नित्य झाडणाऱ्या घरी फटीत माती साठतच नाही. मग बी रुजणार कोठे?

शेवटी पिंपळाविषयी दोन शब्द. पाखरांच्या विष्ठेतून आलेले त्याचे बी भिंतीच्या भेगेत रुजते. बोटभर असता ते दोन बोटांनी निघते. पण पाच-दहा वर्षांत त्याचे मूळ जाड होऊन चिरे सरकवू लागते. कित्येक जुन्या विहिरींचे व वाड्यांचे चिरे याच रीतीने निखळले आहेत. पुष्कळ घरी पिंपळ तोडणे अशुभ मानतात. त्यांनी रोप कोवळे असतानाच पावसाळ्यात मुळासह अलगद काढून घरापासून दूर मोकळ्या जमिनीत लावावे. म्हणजे भिंतही वाचेल व वृक्षही वाढेल. मोठे झालेले झाड मात्र ओढून काढू नये, मुळाबरोबर चिरेही येतात. तेथे जाणत्या गवंड्याचा सल्ला घ्यावा. किल्ल्यावर सहलीस गेलेल्या विद्यार्थ्यांनी तर तटातील झाडांस हात न लावता ते काम पुरातत्त्व खात्यावर सोपवावे.

नखाने होणाऱ्या कामास कुऱ्हाड कशाला, असे आपले वडील म्हणत आले आहेत. आमच्या विद्यार्थिबंधुभगिनींनी पावसाळ्यातील दर रविवारी केवळ अर्धा तास आपल्या अंगणास दिला, तर ती कुऱ्हाड हाती घेण्याची पाळी त्यांच्या घरी सहसा येणार नाही.