हिरवा पडदा लावताय? आधी दिवे बघा

घरच्या घरी क्रोमा (सॉफ्टवेअरने हिरवा पडदा काढून मागे दुसरं चित्र बसवणं) करायचा असेल तर कापडापेक्षा दिव्यांवर जास्त मेहनत घ्या. कापड साधं सुती, बिनचमकीचं हवं, इस्त्री करून ताणलेलं. सॅटिन नकोच, ते चकाकतं.

खरी मेख आहे सारख्या उजेडात. पडद्याच्या दोन्ही बाजूंना एकेक एलईडी ट्यूब उभी, थोडी तिरपी लावा. एकाच बाजूने उजेड टाकला तर दुसरी कड काळवंडते आणि सॉफ्टवेअरला एक हिरवा सापडतच नाही. माणूस पडद्यापासून ५-६ फूट पुढे उभा करा आणि त्याच्यासाठी दिवे वेगळे ठेवा. मग पडद्यावर सावली पडत नाही, केसांवर हिरवी झाकही कमी येते. पडदा चेहऱ्यापेक्षा किंचित मंदच असू द्या. तो जितका झगझगीत, तितकी झाक जास्त.

मोबाइलवर एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स लॉक करा. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून शटर १/५० किंवा १/१००, नाहीतर स्वस्त दिवे लुकलुकतात.

हिरवाच का? बहुतेक कॅमेऱ्यांच्या सेन्सरवर हिरवे पिक्सेल लाल किंवा निळ्याच्या दुप्पट असतात, त्यामुळे कडा स्वच्छ कापल्या जातात. मात्र हातात हिरवा चुडा असेल तर निळं कापड घ्या, नाहीतर बांगड्याही गायब!