अनुदान-प्रस्तावाची दशविध परीक्षा

डिसेंबर 2022 मध्ये केंद्रीय आयुर्वेदीय विज्ञान अनुसंधान परिषद व भारतीय चिकित्सा पद्धती राष्ट्रीय आयोग यांनी आयुर्वेद महाविद्यालयांतील अध्यापकांसाठी ‘स्मार्ट’ ही संशोधन योजना जाहीर केली. संधिगतवात, मधुमेह, स्थौल्य आदी विकारांना तीत प्राधान्य होते. अशा योजनेसाठी प्रस्ताव कसा लिहावा, याचे सूत्र चरकसंहितेतच आहे. कोणत्याही कार्यास आरंभ करण्यापूर्वी दहा गोष्टी तपासाव्यात, असे विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात सांगितले आहे. त्यांतील काहींचा येथे विचार करू.

प्रथम ‘कार्य’ व ‘कार्यफल’. ‘संधिगतवातात योगराज गुग्गुळाचा अभ्यास’ हा केवळ विषय झाला. तो प्रश्न नव्हे. ‘40 ते 65 वर्षे वयाच्या जानुसंधिगतवाताच्या रुग्णांत या औषधाने 12 आठवड्यांत वेदना व चालण्याची क्षमता यांत किती फरक पडतो?’ हा प्रश्न मोजता येतो. रुग्णसंख्या संख्याशास्त्रज्ञाच्या सल्ल्याने ठरवावी व तिचे कारण लिहावे.

‘करण’ म्हणजे औषध. येथे फार्मसीमालकांचे साहाय्य मोलाचे ठरते. संपूर्ण अभ्यासासाठी शक्यतो एकाच बॅचचे औषध द्यावे. घटकद्रव्ये, निर्मितीची तारीख व चाचणी-अहवाल सोबत जोडावेत. प्रत्येक वेळी औषध बदलत गेले, तर गुण नेमका कशाचा, हे सांगता येत नाही.

‘देश’ व ‘काल’ यांकडे बहुधा दुर्लक्ष होते. घनसावंगी तालुक्यातील तीर्थपुरीसारख्या गावांतून रुग्ण घ्यावयाचे असतील, तर ऐन पेरणीत वा कापूसवेचणीत ते फेरतपासणीस येतील काय, याचा विचार वेळापत्रकात दिसला पाहिजे. प्रवासखर्चाची तरतूदही अंदाजपत्रकात हवी. मागितलेल्या प्रत्येक रकमेचे प्रयोजन एका वाक्यात द्यावे.

संस्थेच्या नैतिकता समितीची मान्यता, रुग्णाची लेखी संमती व भारतीय चिकित्सा-चाचणी नोंदवहीतील नोंदणी या बाबी पहिला रुग्ण घेण्यापूर्वीच पूर्ण झालेल्या असाव्यात.

अध्यापकाकडे संशोधनाची पद्धती असते; ग्रामीण वैद्यांकडे रुग्ण असतात आणि त्यांचा विश्वासही. गावातील वैद्याने निदान, मात्रा, अनुपान व परिणाम यांची तारीखवार नोंद ठेवली, तर त्या नोंदींतून प्रस्तावाचा प्रश्न उभा राहतो. अन्यथा तो अनुभव वैद्याबरोबरच संपतो. म्हणून जवळच्या महाविद्यालयातील अध्यापकाशी संपर्क साधून आपली नोंदवही त्यांच्यासमोर ठेवावी, ही सर्व वैद्यबंधु-भगिनींना विनंती.