प्लगइन एक दिवस उघडतच नाही, तेव्हा
समजा, अलिबाग ते मुरूड किनारारेषा किती सरकली हे तुम्ही क्यूजीआयएसमध्ये मोजताय. अपडेट केलं, आणि प्लगइन उघडेना. चूक कुणाची?

मूळ सॉफ्टवेअर एक गट सांभाळतो, प्लगइन लिहिणारे वेगळेच. बरेचदा आपल्यासारखाच कुणी, पीएचडी संपवून निघून गेलेला! जुनं फंक्शन लगेच काढत नाहीत. आधी ते ‘डेप्रिकेटेड’ ठरतं, म्हणजे अजून चालतंय, पण पुढे जाणार. ही सूचना तोंडावर येत नाही. ती लॉग मेसेजेसच्या पॅनलमध्ये जाऊन पडते, आणि तिथे बघतो कोण?

मोठी आवृत्ती आली की मात्र सफाई होते. फेब्रुवारी २०१८ मध्ये क्यूजीआयएस ३.० आलं तेव्हा पायथन २ च्या जागी ३ आलं, नकाशात थर घालणारा ‘क्यूजीएस मॅप लेयर रजिस्ट्री’ हा क्लासच गेला आणि त्याचं काम ‘क्यूजीएस प्रोजेक्ट’कडे आलं. एका ओळीचा बदल, पण करायला माणूस हवा.

म्हणून प्लगइन निवडताना आधी त्याची शेवटची अपडेट कधीची ते बघा. प्रबंधात दोन्हींच्या आवृत्त्या लिहा. आणि चॅप्टर जमा होईपर्यंत जुनं क्यूजीआयएस काढू नका. मी काढलं होतं.