कलाटणी कुठे मिळाली?

फुटबॉलचा सामना दीड तास चालतो. पण सामना हरला की लोकांच्या लक्षात त्यातला एकच क्षण राहतो. ‘तिथे सामना फिरला’ असं म्हणायचं आणि विषय मिटवायचा, ही आपली सवय. सामना खरोखर तिथेच फिरलेला असतो का? एका गाजलेल्या पराभवाच्या निमित्ताने आज हे समजून घेऊ. सामना आहे १८ नोव्हेंबर २००९चा, पॅरिसजवळच्या मैदानावरचा, फ्रान्स विरुद्ध आयर्लंड.

२०१०चा विश्वचषक दक्षिण आफ्रिकेत व्हायचा होता. युरोपातल्या नऊ गटांचे विजेते थेट पात्र ठरले. दुसऱ्या क्रमांकाच्या आठ संघांच्या चार जोड्या लावल्या गेल्या. प्रत्येक जोडीने दोन सामने खेळायचे, एक आपल्या घरी, एक समोरच्याच्या घरी. दोन्हींचे गोल एकत्र मोजायचे. बेरीज सारखी झाली, तर परक्या मैदानावर जास्त गोल करणारा पुढे जाणार. असा होता तेव्हाचा प्लेऑफ. सगळी मेहनत अशी दोन रात्रींवर येऊन ठेपायची.

आयर्लंडचा संघ आपल्या गटात एकही सामना हरलेला नव्हता. पण डब्लिनच्या पहिल्या लढतीत फ्रान्सच्या निकोलस अनेल्काचा फटका आयरिश बचावपटूला लागून वळला आणि जाळ्यात गेला. फ्रान्स १-० असा पुढे गेला. आता पॅरिसला जाऊन जिंकण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

आणि पॅरिसमध्ये आयर्लंड खेळला, तो दबकून नव्हे. ३३व्या मिनिटाला कर्णधार रॉबी कीनने गोल केला. बेरीज १-१ झाली. परक्या मैदानावरचे गोलही दोघांचे एकेक. आणखी एक गोल झाला असता, तर फ्रान्सला एक नव्हे, दोन गोल करावे लागले असते. कारण बेरीज बरोबरीत आली तरी परक्या मैदानावरचे जास्त गोल आयर्लंडचे ठरले असते. म्हणजे त्या दुसऱ्या गोलाचं मोल साध्या गोलाहून मोठं होतं.

तशी संधी उत्तरार्धात एकदा नव्हे, दोनदा आली. डेमियन डफ एकटाच गोलरक्षक ह्युगो लोरिसच्या समोर पोचला. लोरिसने फटका अडवला. नंतर कीनने लोरिसला चकवलं, पण चेंडू पायापासून जरा लांब गेला आणि रेषेबाहेर पडला. नव्वद मिनिटं संपली. सामना जादा वेळेत गेला.

मग १०३वं मिनिट. फ्रान्सची फ्री किक आयर्लंडच्या गोलसमोर आली. चेंडू रेषेबाहेर जाणार, एवढ्यात थिएरी हेन्रीने तो डाव्या हाताने थोपवला, पुन्हा हातानेच सावरला आणि पायाने गोलसमोर ढकलला. विल्यम गलासने तो डोक्याने जाळ्यात घातला. आयरिश गोलरक्षक शे गिव्हन हात दाखवत पंचांकडे धावला. पण मधल्या गर्दीत स्वीडनचे पंच मार्टिन हॅन्सन यांना ते दिसलं नव्हतं, त्यांच्या सहायकालाही नाही. गोल कायम राहिला आणि आयर्लंड बाहेर पडला.

हेन्रीने सामन्यानंतर हात लागल्याचं मान्य केलं. सामना पुन्हा खेळवणं हेच न्यायाचं, असंही तो दोन दिवसांनी म्हणाला. आयर्लंडच्या संघटनेने तशी मागणी केली होती. फिफाने ती फेटाळली. आता यातली गोम अशी आहे. २००५ साली उझबेकिस्तान आणि बहरीन यांच्यातला प्लेऑफ सामना फिफाने पुन्हा खेळवला होता. तिथे पेनल्टीच्या वेळी खेळाडू आधीच आत घुसले, तेव्हा पंचांनी पेनल्टी पुन्हा घ्यायला सांगण्याऐवजी समोरच्या संघाला फ्री किक दिली. म्हणजे नियमच चुकीचा लावला. पॅरिसला नियम चुकला नव्हता, डोळा चुकला होता. नियमाची चूक दुरुस्त होऊ शकते. नजरेची चूक मात्र अंतिम. कायद्याच्या भाषेत हे बरोबर असेल, पण मनाला पटत नाही.

फिफाने २०१५मध्ये सांगितलं, की स्टेडियमच्या बांधकामासाठी आयर्लंडच्या संघटनेला ५० लाख डॉलरचं कर्ज दिलं होतं आणि पुढे ते माफ केलं. पैसा मिळाला, विश्वचषक मिळाला नाही. व्हिडिओच्या मदतीने पंचांचा निर्णय तपासायची सोय खेळाच्या नियमांत आली, ती २०१८ साली.

तर कलाटणी कुठे मिळाली? शायरीत दाद पडते ती शेराच्या दुसऱ्या ओळीला. पण शेर साधणार की फसणार, हे बरंचसं पहिल्या ओळीत ठरलेलं असतं. हेन्रीचा हात ही दुसरी ओळ. पहिली ओळ डफ आणि कीनच्या पायांनी लिहिली होती. त्यातला एक चेंडू जाळ्यात गेला असता, तर तो हात पुढे यायची वेळच बहुधा आली नसती.

पण इथे एक सावधगिरी हवी. ‘तुम्हीही संधी घालवल्यात ना!’ असं म्हणून अन्याय झालेल्याचं तोंड बंद करणं फार सोपं असतं. मैदानातही आणि मैदानाबाहेरही. संधी हुकणं हा खेळाचा भाग आहे. तिथे नियत साफ असते. हाताने चेंडू ओढणं हा खेळाचा भाग नाही. पहिल्याचा जाब आयर्लंडने स्वतःला विचारावा, दुसऱ्याचा जाब इतरांनी द्यावा. एका खात्यातली रक्कम दुसऱ्या खात्यात वळती करता येत नाही.

उलट बाजूही तितकीच खरी. अन्यायाचं दुःख एवढं मोठं असतं, की त्याच्या सावलीत आपल्या उणिवा सहज लपतात. मग संघ वर्षानुवर्षं त्या हाताबद्दल बोलत राहतो आणि लोरिससमोर चुकलेल्या पायाचा सराव राहून जातो. तक्रार मोठ्याने करावी, ती करायलाच हवी. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानावर जाऊन चेंडू पायात धरायचा, तो मात्र निमूटपणे.