शर्यत बघताना काय बघायचं?

गाड्यांच्या शर्यतीवर बोलणार आहे असं मी घरी सांगितलं, तेव्हा माझ्या भाच्याला वाटलं की मामू मोटारींवर बोलणार. तो रोह्याला असतो आणि त्याला टूरिंग कारच्या शर्यतींचा भारी नाद. त्यानं मला समजावून सांगितलं, की टूरिंग कार म्हणजे बाहेरून बाजारात मिळते तशीच दिसणारी, पण आतून शर्यतीसाठी बदललेली मोटार. ब्रिटनमध्ये १९५८ पासून तिची राष्ट्रीय स्पर्धा भरते. आपल्याकडेही चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर या मोटारी धावतात. लोकांना ही शर्यत आवडते याचं कारण साधं आहे. आपल्या दारात उभी असते तशीच गाडी तिथे जीव खाऊन पळताना दिसते.

मी म्हटलं, अरे, मग आमची शर्यत याहून वेगळी कुठे होती? आमच्या पेण-रोह्याकडे शर्यत म्हटली की ती बैलगाड्यांची. दारातलीच गाडी, गोठ्यातलेच बैल. भातकापणी झाली, मळणी उरकली आणि खाचरं सुकली की माणसांना आणि बैलांनाही थोडी उसंत मिळे. मग शर्यती भरत. अलिबाग-मुरूडकडे त्या समुद्रकिनारी होतात. ओहोटी लागली की ओली वाळू घट्ट बसते, तिच्यावर चाक रुतत नाही. त्यामुळे तिथे वेळ भरती-ओहोटी बघून ठरते. आम्ही आतल्या बाजूचे लोक, आमच्या शर्यती माळावर नाहीतर सुकलेल्या शेतात.

आता धावायला जुंपतात तो छकडा. दोन चाकांचा, अगदी हलका, एक माणूस कसाबसा राहील एवढाच. आधी गट पडतात. गटात पहिली येणारी गाडी पुढच्या फेरीत जाते आणि शेवटी अंतिम फेरी. बैल मात्र बदलले. कोकणचा मूळ बैल ठेंगणा, डोंगरउताराला आणि पावसाला टिकणारा. त्या गोवंशाला आता ‘कोकण कपिला’ असं नाव आहे. शर्यतीच्या दावणीला बहुतेक दिसतो तो घाटावरून आणलेला खिलार. उंच, लांब शिंगांचा, चपळ. त्याच्या किमती लाखांत. शेतात चिखलणीला पॉवर टिलर आला, तसे बरेच गोठे रिकामे झाले. जो बैल उरला, तो पुष्कळदा शर्यतीसाठीच उरला.

माझी एक जुनी आठवण सांगतो. मी दहा-अकरा वर्षांचा असेन. आमची भातशेती होती आणि अब्बांकडे एक बैलजोडी होती. दिवाळीच्या पाडव्याला गावातल्या सगळ्या बैलांच्या शिंगांना गेरू लागे, तसा आमच्याही बैलांच्या लागे. त्यातला ढवळ्या चालायला तेज. ओळखीच्या एकानं शर्यतीपुरता तो मागून नेला. मीही बरोबर गेलो. गाडी पहिली आली. मी घसा बसेपर्यंत ओरडलो आणि ती बातमी घेऊन पळत घरी आलो.

संध्याकाळी ढवळ्या परत आला. अब्बांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि हात मागच्या पुठ्ठ्यावर थांबला. तिथे रक्ताचे ठिपके होते, पाच-सहा. पराणीच्या टोकाला लोखंडी आर असते, तिचे. अब्बांनी कंदील आणायला सांगितलं. गरम पाण्यानं जखमा धुतल्या, हळद-तेल लावलं. मग मला विचारलं, “तू होतास ना तिथे?”

“होतो, अब्बा.”

“मग काय बघितलंस?”

मला सांगता येईना. पहिलं कोण आलं, तेवढंच मी बघितलं होतं.

कायद्याचा जो मोठा वाद पुढे उभा राहिला, तो माझ्या मते याच प्रश्नाभोवती फिरतो. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा आपल्याकडे १९६० चा. तो व्हावा म्हणून संसदेत झटल्या त्या नृत्यांगना रुक्मिणीदेवी अरुंडेल. ज्या प्राण्यांचे खेळ करता येणार नाहीत, त्यांची यादी जाहीर करायचा अधिकार या कायद्यानं केंद्र सरकारला दिला. ११ जुलै २०११ रोजी त्या यादीत बैल आला. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं तमिळनाडूतल्या जल्लीकट्टूबरोबर आपल्या बैलगाडी शर्यतींवरही बंदी घातली.

न्यायालयाचं म्हणणं समजून घेण्यासारखं आहे. घोड्याची शरीररचना धावण्यासाठी आहे, बैलाची नाही. बैल ओढणारा प्राणी. तो संथ चालतो, ओझं वाहतो. शर्यतीत तो पळतो ते हौसेनं नव्हे, तर भीतीनं किंवा वेदनेनं. भूक-तहान, गैरसोय, दुखापत आणि भय यांपासून मुक्ती आणि आपल्या स्वभावाप्रमाणे वागण्याची मोकळीक, असे जनावरांचे पाच हक्क जगभर मानले जातात. त्यांचा आधार त्या निकालात आहे.

दुसरी बाजूही खोटी नाही. शेतकरी म्हणाले, शर्यत बंद झाली तर खिलार पाळणार कोण? नुसतं दावणीला बांधून बैल परवडत नाही. मग तो बाजारात जातो आणि तिथून कुठे जातो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. शर्यतीचा बैल घरच्या मुलासारखा वाढवतात, हेही मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

जानेवारी २०१६ मध्ये केंद्रानं शर्यतींना सवलत दिली, तिला काही दिवसांतच न्यायालयाची स्थगिती मिळाली. २०१७ मध्ये महाराष्ट्रानं आपल्यापुरती कायद्यात दुरुस्ती केली, पण मुंबई उच्च न्यायालयानं शर्यतींना परवानगी द्यायला मनाई केली. अखेर १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयानं अटींसह शर्यतींना मुभा दिली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं ही दुरुस्ती वैध ठरवली.

म्हणजे शर्यत परत आली ती अटींवर. या अटी प्रत्येक प्रेक्षकाला माहीत हव्यात. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी हवी. धाव हजार मीटरच्या आत हवी. धावण्याआधी बैलाची पशुवैद्यकाकडून तपासणी हवी. काठी, चाबूक, पराणी, विजेचा झटका यांतलं काही चालणार नाही. बैलाला पाणी, सावली आणि विश्रांती हवी. नियम मोडला तर पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

हे सगळं डोक्यात ठेवून गेल्या हिवाळ्यात मी एक शनिवार-रविवार शर्यती बघितल्या. शनिवारी पेणच्या बाजूला, खाडीलगतच्या एका मोकळ्या पटांगणात. व्यवस्था नेटकी होती. पाण्याच्या टाक्या भरलेल्या, बैलांना मांडवाची सावली, डॉक्टर खुर्ची टाकून बसलेले. दोन्ही बाजूंना बांबूचे कठडे. हे कठडे महत्त्वाचे. बिथरलेली जोडी गर्दीत घुसून माणसं दगावल्याच्या बातम्या आपण वाचतो. मोटारींच्या शर्यतींनीही हा धडा रक्त सांडूनच घेतला. १९५५ मध्ये फ्रान्समधल्या ल मान्स इथे एक मोटार उडून गर्दीत पडली आणि ऐंशीहून अधिक प्रेक्षक मेले. त्यानंतर स्वित्झर्लंडनं अशा शर्यतींवर बंदी घातली आणि इतर देशांत प्रेक्षकांच्या सुरक्षेचे नियम कडक झाले.

रात्री गाडीनं रोह्याला बहिणीकडे गेलो. रविवारी सकाळी भाच्याला घेऊन तिथल्या एका गावच्या माळावर. गर्दी दुप्पट. भाच्यानं आणखी एक गोष्ट सांगितली. टूरिंग कारच्या बऱ्याच स्पर्धांत जिंकणाऱ्या मोटारीवर पुढच्या शर्यतीसाठी जादा वजन चढवत असत, म्हणजे सगळ्यांना संधी राहते. मला वाटलं, आपल्याकडे जिंकणाऱ्या बैलावर वजन चढत नाही, पण त्याच्या फेऱ्या वाढतात. बक्षिसं आता मोटारसायकलीपासून ट्रॅक्टरपर्यंत गेली आहेत. बक्षीस जेवढं मोठं, तेवढा गाडीवानाचा हात सैल सुटायचा धोका मोठा.

दुपारच्या एका फेरीत दोन गाड्या बरोबरीनं आल्या. माझ्या मागून कोणीतरी ओरडलं, “पिरगाळ, पिरगाळ!” आणि पुढच्या गाडीवानानं खरोखरच डाव्या बैलाची शेपटी दातात धरली. बैल उसळला, गाडी पुढे निघाली. टाळ्या पडल्या. पंच शेवटच्या रेषेवर होते, त्यांना हे दिसण्यासारखं नव्हतं.

मी मांडवाकडे गेलो आणि सांगितलं. त्यांनी ध्वनिक्षेपकावरून विचारलं, “आणखी कोणी बघितलं का?” बराच वेळ कोणी बोलेना. मग एका म्हाताऱ्यानं हात वर केला, त्यामागून एका पोरानं. पंचांनी आपसात बोलून ती गाडी बाद केली. गाडीमालक माझ्यापाशी आला. आवाज चढवला नाही, पण म्हणाला, “भाई, तुम्ही कविता करा ना. बैलांच्या भानगडीत कशाला पडता?”

मला तेव्हा उत्तर सुचलं नाही. आज देतो. मोटार तापली तर तिचा ड्रायव्हर थांबवतो, कारण त्याचा स्वतःचा जीव आत असतो आणि इंजिनाला दुखत नसतं. इथे दुखतं ते एकाला आणि बक्षीस मिळतं दुसऱ्याला. बैलाला तक्रार करता येत नाही. पंच दोन-तीन आणि आपण हजारो. गाडीवान ज्या टाळीसाठी शेपटी पिरगाळतो, ती टाळी आपलीच असते. ती मिळाली नाही, तर निम्मा कायदा तिथेच पाळला जाईल. शर्यत राहायची असेल तर ती बघणाऱ्यांच्या भरवशावर राहील. म्हणून शर्यतीला जा, जरूर जा. पण बैलाच्या तोंडाचा फेस बघा, दोन फेऱ्यांमधली त्याची धाप बघा, पाणी कोणी दाखवतंय का ते बघा, गाडीवानाचे हात बघा. खटकलं तर पंचांना जाऊन सांगा.

संध्याकाळी घरी आलो. बहिणीनं चहा पुढे ठेवत विचारलं, “काय भाईजान, पहिलं कोण आलं मग?”

मी भाच्याकडे पाहिलं. मला खरंच सांगता आलं नाही. अंतिम फेरीत मी सगळा वेळ गाडीवानांचे हात बघत होतो.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)