बालवाडीतील मुले आणि एड्सची ओळख



विषयाचे नाव ऐकूनच कुणी म्हणेल, "अहो, ज्या पोरांना अजून नाक पुसता येत नाही, त्यांना एड्सचं काय सांगायचं?" शंका रास्त आहे. मोठ्यांनाही ज्या गोष्टी चारचौघांत बोलायला संकोच वाटतो, त्या बाळगोपाळांपुढे मांडा असे कुणीच म्हणत नाही. पण मूल आपल्या सांगण्याची वाट पाहत बसत नाही. खाऊच्या वेळी एका मुलाचे ताट पंगतीपासून हातभर दूर मांडले, की बाकीची वीस मुले न शिकवता शिकतात, "याला शिवायचं नाही." हा खोटा धडा पुसण्यासाठी खरा धडा द्यावा लागतो.

त्याआधी आपण मोठ्यांनी रोग समजून घेऊ. जोंधळा हुरड्यात आला की माळ्यावर राखणदार बसतो आणि गोफण फिरवून पाखरे हाकतो. आपल्या रक्तातही असे राखणदार असतात. बाहेरचा रोगजंतू आला की ते त्याला हुसकून लावतात. एचआयव्ही हा विषाणू नेमका या राखणदारांवरच घाला घालतो. राखणदार पार थकले, की क्षयासारखे रोग शरीरात मोकाट शिरतात. त्या अवस्थेला एड्स म्हणतात. म्हणजे एचआयव्ही असलेल्या प्रत्येकाला एड्स झालेला असतो असे नव्हे.

लहान मुलांना हा विषाणू बहुधा आईकडून, पोटात असताना, जन्मताना किंवा अंगावरच्या दुधातून मिळतो. उपचार नसले तर अशा शंभर बालकांपैकी 15 ते 45 बालकांना लागण होते. आईने गरोदरपणातच तपासणी करून औषध घेतले, तर हा आकडा पाचाच्या खाली येतो. आपल्या देशात ही औषधे सरकारी दवाखान्यांतून 2004 सालापासून विनामूल्य मिळू लागली. ती रोज, वेळेवर घेणारे मूल शाळा शिकते, मोठे होते, संसारही करते. मात्र खंड पडता कामा नये. पाथर्डी-शेवगावकडची कुटुंबे ऊसतोडीला निघतात, तेव्हा मूल बरोबर असो की आजीपाशी, एआरटी केंद्रात आधी सांगून औषधाची सोय करून घ्यावी.

आता बालवाडीत काय शिकवायचे? माझ्या मते तीनच गोष्टी.

पहिली गोष्ट रक्ताची. "कुणाला लागलं, रक्त आलं, तर हात लावायचा नाही. ताईंना हाक मारायची." हा नियम एका मुलासाठी नव्हे, सगळ्यांसाठी. कुणाच्या रक्तात काय आहे ते चेहऱ्यावर लिहिलेले नसते, म्हणून ताईंनीही प्रत्येक वेळी हातमोजा, तो नसेल तर स्वच्छ प्लॅस्टिकची पिशवी हातावर चढवावी, जखम साबणपाण्याने धुवावी आणि पट्टी बांधावी. नियम सर्वांना एकच असला, की कुणाकडे बोट दाखवावे लागत नाही.

दुसरी गोष्ट सोबतीची. हातात हात धरला, एका ताटात जेवले, एका पेल्याने पाणी प्याले, गळ्यात पडून रडले, तरी हा विषाणू लागत नाही. डास चावूनही लागत नाही. मुलांना हे भाषणाने कळणार नाही. फुगडी घालताना, पंगत मांडताना ताईंनी स्वतः त्या मुलाचा हात धरावा. बाकीची मुले तेच बघून करतात.

तिसरी गोष्ट औषधाची. "काही जणांना रोज औषध लागतं. त्यानं अंगातले राखणदार बळकट होतात." चार वर्षांच्या मुलाला एवढे पुरे. रोगाचे नाव नंतर. ज्याला स्वतःला लागण आहे, त्याला शाळेच्या वयात, समज वाढेल तसे, घरच्यांनी व डॉक्टरांनी खरे सांगावे, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2011 साली सुचविले आहे.

हे दूरच्या देशातही करून पाहिलेले आहे. दक्षिण आफ्रिकेत दूरचित्रवाणीवरच्या लहान मुलांच्या कार्यक्रमात 2002 साली 'कामी' नावाची पाच वर्षांची बाहुली आली. तिला एचआयव्ही आहे, आणि ती इतरांसारखीच हसते, खेळते. तिच्याशी खेळून कुणाला काही होत नाही, हे पोरांनी रोज डोळ्यांनी पाहिले.

आपल्या जिल्ह्याला तर इतके दूर जायलाच नको. अहमदनगर शहरात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरात, 1989 साली गिरीश कुलकर्णी व त्यांच्या तरुण सोबत्यांनी 'स्नेहालय' सुरू केले. वेश्यावस्तीतील स्त्रियांच्या मुलांपासून आरंभ झाला आणि पुढे एचआयव्हीबाधित बालकांनाही तेथे घर मिळाले. तेथे ही मुले मोठ्या माणसांच्या मांडीवर बसतात, जेवतात, शिकतात. पण प्रत्येक मुलाने गाव सोडून अशा संस्थेतच जावे काय? आजी गावात, घर गावात, तर अंगणवाडीही गावातलीच हवी.

कायदाही हेच सांगतो. 2017 चा एचआयव्ही-एड्स कायदा 10 सप्टेंबर 2018 पासून लागू झाला. या कारणावरून शाळेत प्रवेश नाकारणे किंवा मुलाला वेगळे बसविणे गुन्ह्यासारखेच वाईट तर आहेच, कायद्यानेही मना आहे. आणि कुणाचा आजार त्याच्या संमतीवाचून दुसऱ्याला सांगणेही मना आहे. तेव्हा ताईंनी कळलेली गोष्ट पोटात ठेवावी. ओट्यावर कुणी खोदून विचारले, तर "आमची सगळी पोरं सारखीच," एवढेच म्हणावे.

शंका असेल तर 1097 या विनामूल्य क्रमांकावर विचारा. आणि उद्या सकाळी अंगणवाडी उघडाल, तेव्हा पंगतीत एखादे ताट बाजूला पडलेले नाही ना, एवढे जरूर पाहा.