बोलपटातला अबोल नायक

मूकपटाच्या काळात नटाला भाषा कोणी विचारत नसे. मास्टर विठ्ठल कोल्हापुरात बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत घडले आणि पुढे शारदा फिल्म कंपनीच्या मारधाडपटांचे नायक झाले. त्यांची तलवारबाजी पाहून लोक त्यांना भारताचे डग्लस फेअरबँक्स म्हणत.

अर्देशीर इराणींनी ‘आलम आरा’ या पहिल्या भारतीय बोलपटासाठी त्यांनाच निवडले. आधीच्या कंपनीने करारभंगाचा दावा लावला. विठ्ठल यांच्या बाजूने बॅरिस्टर जिना उभे राहिले आणि जिंकले. पण १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये चित्रपट लागला, तेव्हा नायक फारसा बोलतच नव्हता! उर्दू-हिंदी उच्चार जमत नसल्याने त्यांना बऱ्याच प्रसंगांत अर्धवट शुद्धीत दाखवले होते.

मराठी-हिंदी एका दमात बोलणाऱ्या आपल्या नागपूरकरांना ही अडचण किरकोळ वाटेल. त्यांचे मात्र हिंदीतले नायकपण तिथून ओसरत गेले. मराठीने त्यांना सांभाळून घेतले. भालजी पेंढारकरांच्या ‘नेताजी पालकर’मध्ये (१९३९) हाती तलवार होती आणि तोंडी आपली भाषा. मला वाटते, त्यांना आवाजाने अडवले नव्हते. परक्या भाषेने अडवले होते.

(आकाशवाणी नागपूरवरील भाषणाचा संपादित अंश)